व्हर्जन उघडं ठेवू नये

दिवा बारीक करायची गरज नाही. ही गोष्ट भर दुपारची आहे, खंडेनवमीची, आणि ती घडली मुलुंडला, एल.बी.एस. रोडच्या मागच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये. तिथे आमच्या ऑफिसच्या एका बाजूला उदबत्त्या पॅक करतात आणि दुसऱ्या बाजूला पँटच्या चेन बनवतात. भुताला मुद्दाम यावंसं वाटेल असं त्या इमारतीत काहीही नाही. आम्हीसुद्धा पगार मिळतो म्हणूनच जातो. तरी खुर्ची जरा पुढे ओढून घ्या. मधूनमधून माझा आवाज खाली जाणार आहे आणि मी पुन्हा सांगणार नाही.

सकाळी मी घरून निघाले ती फुलं आणायला. ऑफिसच्या पूजेचा झेंडू दरवर्षी माझ्याकडे असतो, कारण मी मुलुंडमध्येच राहते आणि बाकीचे घाटकोपर, ठाणे, डोंबिवली असे विखुरलेत. बाजारात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. दोन्ही हातांत पिशव्या आणि केसांत कुठूनतरी अडकलेली आंब्याची डहाळी अशा थाटात मी पोचले, तेव्हा गुरुजी आधीच येऊन बसले होते आणि घड्याळाकडे बघत होते. त्यांना पुढे दोन गॅरेजं आणि एक पिठाची गिरणी उरकायची होती.

आमची कंपनी म्हणजे मालक नंदू सर आणि आम्ही मूठभर लोक. शाळा, सोसायट्या, दवाखाने यांना वेबवर लागणारी कामं आम्ही जावा भाषेत लिहून देतो. खंडेनवमीला आम्ही सगळे संगणक पुजतो, त्यांना हळदकुंकू लावतो आणि दुसरा दिवस उजाडेपर्यंत हात लावत नाही. हा दंडक अण्णांचा. अण्णा म्हणजे अनंत तळवडेकर, आमच्यातले सगळ्यात जुने. त्यांचे वडील परळच्या गिरणीत फिटर होते, आणि तिथे पुजलेल्या यंत्राला त्या दिवशी कुणी शिवत नसे. "वर्षभर राबवता ना त्याला? एक दिवस झोपू द्या," असं अण्णा म्हणायचे. आपोआप सुट्टी मिळते म्हटल्यावर आम्ही सगळे या परंपरेचे कट्टर पाईक झालो.

अण्णा दोन वर्षांपूर्वी गेले. शेवटचा बराच काळ त्यांचं डायलिसिस चालू होतं, मुलुंडमधल्याच एका ट्रस्टच्या केंद्रात. डावा हात सुयांमध्ये अडकलेला, तो हलवायचा नाही. मांडीवर लॅपटॉप. उजव्या हाताने ते एकेक अक्षर शोधल्यासारखं टाइप करत. टक्… टक्… टक्… हळू, पण चूक म्हणून नाही. शेजारी स्टीलच्या पेल्यात बर्फाचे खडे, कारण पाणी बेतानंच प्यावं लागे. तहान लागली की एक खडा तोंडात धरायचे. त्या खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी त्या केंद्रासाठी प्रोग्राम लिहून दिला. कुठल्या रुग्णाला कुठल्या दिवशी कुठली खुर्ची मिळणार, हे तो ठरवतो.

त्या प्रोग्रामच्या बुडाशी अण्णांची स्वतःची एक लायब्ररी आहे. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. आधीच कुणीतरी लिहून ठेवलेला, आपल्या प्रोग्रामला नुसता जोडून घ्यायचा तयार भाग. अण्णांनी तिचं नाव ठेवलं होतं 'पाया'. आमच्या ऑफिसातून बाहेर पडलेल्या प्रत्येक कामाच्या खाली पाया आहे.

आता कुंदामावशीबद्दल सांगते, कारण या सगळ्यात जीव अडकला होता तो तिचा. ती माझ्या आईची धाकटी बहीण. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं आणि आता आम्ही दोघीच घरात असतो. गेलं वर्षभर ती आठवड्यातून तीनदा त्याच केंद्रात जाते. अण्णांची आणि तिची कधी गाठ पडली नाही. ते गेल्यानंतर तिचं सुरू झालं. मधे एकदा तापामुळे तिचं एक डायलिसिस चुकलं होतं. त्या रात्री तिला आडवं होता येईना. उशांना टेकून बसली होती आणि श्वास घेताना तिच्या छातीत पाणी वाजत होतं. मी तिचा हात धरून नुसती बघत होते. ते मला पुन्हा बघायचं नव्हतं, काही झालं तरी नाही. तिचं पुढचं डायलिसिस दसऱ्याच्या सकाळी होतं, पहिल्याच बॅचला. किडनीला दसरा नसतो.

गडबड अशी होती की खंडेनवमीच्याच मध्यरात्रीपासून रुग्णांची आरोग्य कार्डं तपासायची पद्धत बदलत होती. कार्डवाल्या खात्याने नवी लायब्ररी पाठवली होती. ती जोडली नाही तर कार्ड तपासलं जाणार नाही, आणि कार्ड तपासल्याशिवाय आमचा प्रोग्राम खुर्ची देत नाही. माझ्या सहकाऱ्याने, प्रांजलने, ती लायब्ररी आधीच आणून वेगळी तपासून ठेवली होती. राहिलं होतं ते सगळं एकत्र बांधून केंद्राच्या सर्व्हरवर चढवणं. "पाच मिनिटांचं काम आहे," तो म्हणाला होता. आमच्या धंद्यात या वाक्यानंतर काय वाढून ठेवलेलं असतं ते खरं तर दोघांनाही ठाऊक होतं.

गुरुजींना घाई म्हणून पूजा आधी झाली. आरती झाली, पेढे वाटले, आणि बाकीचे असे पसार झाले की चपलांचा आवाजसुद्धा ऐकू आला नाही. राहिलो मी आणि प्रांजल, आणि रांगेत बसलेले सगळे संगणक, कपाळावर कुंकू लावून.

"आता काय करायचं?" मी विचारलं. "हात कसा लावणार?"

प्रांजलचं घर भांडुपला, मूळ गाव मालवणाकडचं. भुताखेतांच्या बाबतीत त्याचा अभ्यास दांडगा आहे आणि त्यातून पळवाटा काढण्याचाही.

"तुझा लॅपटॉप बॅगेत होता ना पूजेच्या वेळी?"

"हो."

"मग त्याची पूजा झालेली नाही. तो आज कामाला लागू शकतो."

एवढं शुद्ध शास्त्र ऐकल्यावर मी लॅपटॉप उघडला, सगळं एकत्र बांधायला लावलं, आणि ते फुटलं.

कारण साधं होतं. तारखा वाचण्यासाठी एक तिसरी लायब्ररी मिळते, ती पायालाही लागते आणि नव्या कार्डवालीलाही. पण पायाला तिचं जुनं व्हर्जन लागतं आणि कार्डवालीला नवं. जावा दोन्हींना एकदम घरात घेत नाही. एकाच घरात थोरल्या भावाला जुना दूधवाला हवा, धाकट्याला नवा, आणि गेटवरचा वॉचमन एकालाच आत सोडतोय, असा प्रकार. जुनं ठेवलं की कार्डवाली म्हणे, मला हवं ते यात नाहीच. नवं ठेवलं की पाया म्हणे, माझं होतं ते कुठे गेलं?

आम्ही हरतऱ्हा केल्या. जुनं वगळून पाहिलं. नव्याला वर ओढून पाहिलं. जुन्याला दुसऱ्या नावाने लपवून आत घुसवून पाहिलं, तर त्याने आतून तिसरीच भानगड बाहेर काढली. पायाचा मूळ कोड हाताशी असता तर मी तो नव्या व्हर्जनवर बेतून तासाभरात मोकळी झाले असते. पण तो ज्या डिस्कवर होता ती अण्णांच्या हयातीतच बसली होती. "पुढचं व्हर्जन मी नव्याने लिहिणार आहे," असं ते म्हणत राहिले, आणि मग गेले. आमच्याकडे उरलं ते तयार, बंद डब्यासारखं पाया १.९. वापरता येतं, आत हात घालता येत नाही.

नंदू सरांचा फोन आला. ते अलिबागला सासुरवाडीला होते.

"झालं का गं?"

"नाही सर. पाया आणि कार्डवाली भांडतायत."

"अरे यार. वाट लागली." मागे लाटांचा आवाज येत होता. "उद्याचा दिवस जुन्यावर ढकलता नाही येणार?"

"बारा वाजले की जुना रस्ता बंद होतोय."

"मग बघ ना गार्गी काहीतरी. तू हुशार आहेस."

नंदू सर हुशार म्हणाले की समजायचं, ते येत नाहीयेत.

दुपार चढत गेली. समोरच्या मैदानात रात्रीच्या गरब्याची तयारी चालली होती आणि एक माणूस माइकवरून "हॅलो, हॅलो, चेक" एवढंच सांगत होता. उदबत्तीवाल्यांचा मोगऱ्याचा वास, आमचा कापूर, ऊन लागून मऊ पडलेला झेंडू. बाकी सगळी इमारत रिकामी. कॉरिडॉरमध्ये दिवे नव्हते. आमच्या दारातून बाहेर पाहिलं की भर दुपारी तिथे एक लांब, करडा अंधार पडलेला दिसायचा. मी स्क्रीनवरच्या लाल ओळी वाचत होते आणि डोक्यात मावशीच्या उशा येत होत्या, एकावर एक रचलेल्या.

टक्…

मला वाटलं प्रांजल.

टक्… टक्…

"तुझ्याकडे जमतंय का काही?" मी मान वर न करता विचारलं.

"मी कुठे काय करतोय? मी पेढा खातोय."

मी मान वर केली. खरंच पेढा खात होता. माइकवाला नेमका तेव्हाच गप्प झाला, आणि त्या शांततेत तो आवाज आम्हा दोघांनाही नीट ऐकू आला. हळू, एकेक करून, मधे थांबून. दोन हातांनी टाइप करणारा माणूस असा टाइप करत नाही. आवाज येत होता काचेच्या पार्टिशनमागून, अण्णांच्या कोपऱ्यातून.

"चेनवाल्यांचं मशीन असेल," प्रांजल म्हणाला.

"त्यांचीही पूजा झाली. सकाळीच कुलूप लावून गेले."

आम्ही दोघंही उठलो. एकमेकांना पुढे जाऊ देण्याचा बराच सभ्यपणा दाखवला. शेवटी काचेतून पाहिलं. अण्णांचं टेबल, त्यावर कुणीतरी ठेवून दिलेलं रबराचं झाड, खाली थोरला. थोरला म्हणजे आमचा जुना सर्व्हर. सगळ्या लायब्रऱ्यांची सगळी व्हर्जनं त्यात साठवलेली असतात. काहीही बांधायला घेतलं की लागेल ते तो देतो. त्याच्या गळ्यात मी सकाळी घातलेला हार होता. बाकी कुणी नाही. आवाजही थांबला होता.

आम्ही जागेवर येऊन बसलो.

टक्… टक्… आणि त्यामागोमाग, अगदी बारीक, स्टीलच्या पेल्यात काहीतरी किणकिणलं.

"गो," प्रांजल म्हणाला. घाबरला की तो गावच्या बोलीवर येतो. "हयसून चल."

"आणि मावशी?"

चांगला मुलगा आहे. त्याने मोबाइलवर मोठ्यांदा गाणी लावली, खुर्ची माझ्या खुर्चीला चिकटवली आणि पेढ्यांचा बॉक्स दोघांच्या मधे ठेवला. भुताला पेढा दिसला तर आधी तो घेईल, असा त्याचा हिशेब असावा.

मी डोकं चालवायचा प्रयत्न करत होते. अण्णा म्हणायचे ना, पुढचं व्हर्जन लिहिणार आहे म्हणून? समजा, त्यांनी ते अर्धमुर्धं का होईना लिहून कुठेतरी ठेवलं असेल. कुठल्या नंबरने ठेवलं असेल ते कुणाला माहीत? मग मी ती गोष्ट केली, जी आमच्या ऑफिसात कुणी करत नाही. पायाच्या नावापुढे १.९ लिहिलेलं होतं ते खोडलं, आणि लिहिलं की एकच्या पुढचं जे काही सगळ्यात नवं असेल ते घे.

प्रांजलचा हात पेढ्यावरच थांबला.

नव्या माणसाला अण्णांची पहिली बोलणी खावी लागायची ती यावरूनच. व्हर्जन उघडं ठेवू नये. नंबर ठोकून लिहावा. जे नवं असेल ते घे, असं लिहिणं म्हणजे दार सताड उघडं टाकून झोपणं. कोण आत येईल आणि येऊन काय करेल ते सांगता येत नाही. हे ते इतक्या गंभीरपणे सांगायचे की पहिल्या दिवशी आम्ही सगळेच बाहेर जाऊन हसलो होतो.

"अण्णांक आवडाचा नाय हां," प्रांजल कुजबुजला.

"अण्णा नाहीयेत."

मी हे म्हटलं आणि काचेमागची टकटक थांबली.

गाणं चालू होतं, तरी ती थांबलेली कळली. कुणीतरी काम सोडून आपल्याकडे बघायला लागलं की मानेला कळतं, तसं कळलं. माझं बोट बटणावर होतं. मावशीचा चेहरा डोळ्यांपुढे आणला आणि दाबलं.

ओळी सरकायला लागल्या. लागणाऱ्या लायब्रऱ्यांची नावं एकामागून एक येत गेली. मग एका ओळीवर सगळं थबकलं. पाया, सगळ्यात नवं व्हर्जन, शोधत आहे. ती ओळ बराच वेळ तशीच राहिली.

टक्… टक्… टक्… या वेळी जलद. घाई असल्यासारखी.

आणि पुढची ओळ आली. पाया २.० मिळालं. थोरल्यावरून घेत आहे.

लाल रंगाची एकही ओळ आली नाही. कुठली लायब्ररी कुठलीवर अवलंबून आहे त्याचा तक्ता मी उघडून पाहिला, तर सकाळपासूनचा गुंता गेलेला. तारखा वाचणारी लायब्ररी एकदाच, नवीच, आणि पाया तिच्यावर गपगुमान बसलेला. घाईघाईने मावशीचं कार्ड टाकून पाहिलं. कार्ड तपासलं गेलं. दसरा, पहिली बॅच, खिडकीजवळची खुर्ची.

"झकास," प्रांजल म्हणाला आणि आम्ही टाळी दिली. मला रडू येत होतं, ते मी पेढ्याबरोबर गिळलं. "मला सांगायचं तरी ना रे, २.० चढवलंस म्हणून."

"मी? मला वाटलं तू."

आम्ही नंदू सरांना फोन लावला.

"२.०? छे. अण्णांचं १.९ शेवटचं." पलीकडे कुणीतरी त्यांना वाढत होतं, वाटीचा आवाज आला. "पण चाललं ना? मग चौकशा कसल्या करता? पळा घरी."

फोन ठेवल्यावर मी ती ओळ पुन्हा वाचली. थोरल्यावरून घेत आहे. "म्हणजे थोरला चालू आहे," मी म्हटलं. "पूजा झालेली असताना चालू केलास होय? मघाशी मला शास्त्र शिकवत होतास."

प्रांजलने गाणं बंद केलं.

"सकाळी मी त्याची पिन काढलेली," तो म्हणाला. "गुरुजींच्या पळीतलं पाणी आत जाईल म्हणून. परत लावलीच नाही. मला वाटलं, लागेल ते सगळं तुझ्या लॅपटॉपवर असेल."

या वेळी सभ्यपणा नाही केला. एकदमच गेलो, एकमेकांचे दंड धरून. पार्टिशनचं दार ढकललं.

पिन टेबलावर होती. तिलाही गुरुजींनी कुंकवाचं बोट लावलेलं, ते तसंच होतं. थोरल्यावर एकही दिवा नव्हता. मी वाकून त्याच्या पत्र्याला हात लावला आणि मागे घेतला. तो गरम होता. दिवसभर रगडून काम केलेल्या यंत्राचा असतो तसा गरम. पंख्याच्या जाळीसमोरचा झेंडू काळपट पडून वाळला होता आणि त्याचा करपल्यासारखा कडवट वास सुटला होता. वर टेबलाच्या उजव्या कडेला पाण्याचं एक गोल वळं उमटलं होतं, थंड पेला ठेवून उचलल्यावर उमटतं तसं. ते ओलं होतं.

"कोण आसा थंय…?" प्रांजलने रबराच्या झाडाला विचारलं.

झाड काही बोललं नाही. त्याचं एक पान मात्र हलत होतं, आणि आमचा पंखा बंद होता.

आम्ही परत लॅपटॉपपाशी आलो ते चालत आलो की कसे, मला आठवत नाही. मी पाया २.० ची माहिती उघडली. बनवणारा, अनंत. तारीख, आजची.

"काढून टाक गो ते," प्रांजल म्हणाला. "कुणाच्या हातचं आहे माहीत नाही. केंद्रात माणसं आहेत, यार. आजारी माणसं."

"कुणाच्या हातचं आहे ते माहीत आहे," मी म्हटलं. "आणि ते काढून टाकलं तर उद्या सकाळी मी मावशीला काय सांगू?"

माझ्याकडे दुसरा मार्ग नव्हता. तरीही आम्ही ते उलटसुलट तपासलं. रुग्ण वाढवले, कमी केले, चुकीची कार्डं टाकली, एकाच खुर्चीवर दोघांना बसवायचा प्रयत्न केला. एकही चूक निघाली नाही. ऊन उतरेपर्यंत तेच करत बसलो. त्या अख्ख्या वेळात काचेमागून आवाज आला नाही, आणि खरं सांगते, न येणं जास्त वाईट होतं. मग मी उघडं ठेवलेलं व्हर्जन पुसून तिथे २.० असा नंबर ठोकला. दार लावलं. आणि सगळं केंद्राच्या सर्व्हरवर चढवलं. आत कोण आलंय ते न बघताच आपण कडी घातली, हे मला जिना उतरताना सुचलं.

निघताना मी अण्णांच्या टेबलावर, त्या ओल्या वळ्याशेजारी, एक पेढा ठेवला.

"अण्णा," मी म्हटलं. "थँक्यू हं…"

टक्.

एकदाच. काम संपवून एंटर मारल्यासारखं.

त्यानंतर आम्ही जे खाली पळालो ते थेट रस्त्यापलीकडच्या सरबतवाल्यापाशी थांबलो. प्रांजलची एक चप्पल जिन्यात राहिली होती. ती आणायला कोण जाणार यावर आमचं भांडण झालं, मग हसू फुटलं, आणि ते थांबेचना. सरबतवाला आमच्याकडे बघत राहिला. प्रांजल एका चपलेवर भांडुपला गेला.

दसऱ्याच्या सकाळी मी मावशीला घेऊन केंद्रात गेले. झोप अशी नव्हतीच. काउंटरवर शकु सिस्टरने मावशीचं कार्ड घेतलं, मशीनवर टेकवलं, आणि मी देवाचं नाव घ्यायच्या आत खुर्ची आली. मावशीच्या मागच्यालाही आली. त्याच्याही मागचीला आली. आम्ही आलो तेव्हा रांगेतल्या माणसांचे चेहरे उतरलेले होते, कारण काल कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की आज काही खरं नाही. आता तेच लोक एकमेकांना आपट्याची पानं देत होते. मला इतकं बरं वाटलं की मी शकु सिस्टरला दोनदा सोनं दिलं.

मावशीला खिडकीजवळ बसवून आले. शेजारची खुर्ची रिकामी होती. तिचं मशीन गणपतीपासून बिघडलेलं, त्यावर चादर घालून ठेवलेली. नातेवाइकांना आत थांबू देत नाहीत. मी बाहेरच्या बाकावर बसले आणि बसल्या बसल्या झोपून गेले.

दुपारी मावशी बाहेर आली ती हसत. डायलिसिसनंतर ती एरवी गळून गेलेली असते. त्या दिवशी रिक्षात बसल्याबरोबर बोलायला लागली.

"आज वेळ कसा गेला कळलंच नाही बघ. शेजारी एक गृहस्थ होते. काय गप्पिष्ट माणूस."

"शेजारी?" मी म्हटलं. "शेजारची खुर्ची बंद आहे ना मावशी? चादर घातलीय तिच्यावर."

"असेल बाई. मला कुठे तिकडे वळता येतं, सुई हलते म्हणून ओरडतात सिस्टर. मी आपली खिडकीकडे तोंड करून ऐकत होते. मी म्हटलं, आमची भाची कॉम्प्युटरमध्ये असते. तर म्हणाले, ओळखतो की, गार्गी ना? फार वाखाणलं तुला. काम चोख करते म्हणाले, आणि वेळ आली की घाबरत नाही."

रिक्षा सिग्नलला थांबली होती. बाजूच्या ट्रकला झेंडूचा हार होता आणि त्याचा वास आत येत होता.

"त्यांच्याकडे काहीतरी नवीन मोठं काम निघालंय," मावशी सांगत होती. "माझ्या एकट्याच्यानं उरकत नाही म्हणाले. हाताखाली माणूस हवंय, आणि तुमच्या भाचीसारखं दुसरं कुणी नजरेत नाही. येईल का म्हणून विचारत होते."

"मावशी… तू काय सांगितलंस?"

तिने माझ्या गालावरून हात फिरवला. कित्येक महिन्यांत तिचा हात इतका ऊबदार लागला नव्हता.

"आपणहून चालून आलेली नोकरी कुणी सोडतं का? मी हो सांगून टाकलंय. म्हटलं, आता सणासुदीचं नको, दिवाळी झाली की पाठवते तिला."